अग्रशाळेतली एक खोली पायी येणाऱ्यासाठी ठेवा

गोव्यातील देवस्थान समित्यांचे पदाधिकारी आणि समस्त महाजन मंडळी यांस,

सादर नमस्कार.

मी डिचोली तालुक्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. वय त्रेसष्ट. गेली अकरा वर्षे आषाढीला आमच्या दिंडीबरोबर चोर्ला घाट चढून पंढरपूरला पायी जाते. एरवी वर्षभर, घरचे सणवार आणि कुळागरातली कामे सांभाळून, आमच्या भजनी मंडळातल्या आम्ही पाच जणी गोव्यातल्या गोव्यात चालतो. या देवळातून त्या देवळात. पहाटे निघायचे, दुपारी कुठल्याशा वडाखाली शिदोरी सोडायची, दिवेलागणीला देवळात पोचून आरती घ्यायची, रात्री तिथेच पाठ टेकायची आणि उजाडले की पुढची वाट धरायची. यातले ‘रात्री तिथेच पाठ टेकायची’ एवढे अलीकडे जमेनासे झाले आहे. म्हणून हे पत्र.

गेल्या श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारची गोष्ट. सकाळपासून पाऊस धरून होता. एका मोठ्या देवस्थानात आम्ही पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. लुगडी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, एकीच्या टाचेला फोड येऊन तो फुटलेला. तळीवर पाय धुतले, दर्शन घेतले आणि अग्रशाळेच्या, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेच्या, कचेरीत जाऊन रात्रीपुरती जागा मागितली. खोली नको, ओसरी चालेल, चटया आमच्या आहेत, असेही सांगितले. तिथल्या गृहस्थांनी वही उघडून पाहिली. आधी फोन करून बुकिंग केल्याशिवाय जागा देता येत नाही, खोल्या कुटुंबांसाठी आहेत आणि ओसरीवर कोणाला झोपू द्यायचे नाही असा समितीचा ठराव आहे, असे त्यांनी सांगितले. समोरच्या रांगेतल्या एकाही खिडकीत दिवा नव्हता. खोल्या रिकाम्या होत्या.

ते गृहस्थ उद्धट नव्हते. त्यांना जे सांगून ठेवले होते ते त्यांनी केले. त्या देवस्थानाचे नाव मी इथे घेत नाही. घेऊन उपयोगही नाही, कारण थोड्याफार फरकाने हाच अनुभव आम्हाला आणखी तीन ठिकाणी आला.

त्या रात्री आम्हाला घरी नेले ते महाद्वाराबाहेर अबोलीच्या वेण्या विकणाऱ्या बाईने. “येयात, आमगेर न्हिदात,” म्हणाली आणि टोपली डोक्यावर घेऊन पुढे चालू लागली. दोन खोल्यांचे घर. उकड्या तांदळाची पेज, बरोबर चेपणीतली तोरां, म्हणजे मिठात मुरवलेल्या कैऱ्या. फुटलेल्या टाचेला तिने कोमट खोबरेल लावले आणि स्वतःची खाट सोडून मुलीजवळ जमिनीवर झोपली. सकाळी आम्ही पैसे पुढे केले तर रागावली. महाजन मंडळी, तुमच्या दारचे आतिथ्य त्या रात्री तिने केले.

अग्रशाळा हा शब्द गोव्याबाहेरच्या मराठी माणसाला समजावून सांगावा लागतो. आपल्याकडे देवळाच्या आवाराला कडेने लागून असलेल्या त्या चिऱ्यांच्या, कौलारू खोल्या. आमचे कुळावी, म्हणजे त्या त्या कुलदेवाची कुटुंबे, कुठे कुठे पांगलेले. कोणी कारवार-मंगळूरला, कोणी कोचीला, कोणी मुंबईला. कुलदेवाचा शोध घेत ते येत, होडीने येत, बैलगाडीने येत आणि शेवटचा पल्ला पायीच चालत. त्यांना डोके टेकायला जागा हवी म्हणून कोणा दात्याने एक खोली बांधली, कोणी दोन बांधल्या. आजही कितीतरी दारांवर संगमरवरी पाटी दिसते : अमक्याच्या स्मरणार्थ, तमक्याने बांधली. त्या दात्याच्या डोळ्यांपुढे जो पाहुणा होता तो थकून, धुळीने माखून, न कळवता येणारा होता. आज नेमका तोच पाहुणा नियमात बसत नाही. खोल्यांना टाइल्स लागल्या, एसी लागले, लग्नसराईत वऱ्हाडांना त्या जातात, शनिवार-रविवारी गाडीने येणाऱ्या कुटुंबांना जातात. यात काही वाईट आहे असे मी म्हणत नाही. देवळाचा दिवाबत्तीचा खर्च मोठा असतो, हे मला कळते. पण पायी येणाऱ्याचे नाव या व्यवस्थेतून पुसले गेले, आणि ते अशा काळात, जेव्हा सारे जग पुन्हा पायी चालू लागले आहे.

ही अतिशयोक्ती नाही. माझा भाचा दोन वर्षांपूर्वी पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरातून निघून स्पेनमधल्या सान्तियागो दे कोंपोस्तेला या ख्रिस्ती तीर्थक्षेत्रापर्यंत चालत गेला. सुमारे २४० किलोमीटर. तो काही देवभोळा मुलगा नाही. संगणकाच्या नोकरीत आहे, घरी आला तरी जेवताना फोन हातात. परत आल्यावर त्याने मला एक घडीची पुस्तिका दाखवली. तिच्यावर तीसेक शिक्के : चर्चचे, चहाच्या टपऱ्यांचे, मुक्कामाच्या जागांचे. प्रत्येक शिक्क्यावर बोट ठेवून तो मला गोष्ट सांगत होता. इथे पाऊस लागला, इथे एका म्हाताऱ्याने संत्री दिली, इथे रडू आले आणि का ते कळले नाही. मी त्याला सांगितले, “अरे, आमच्या दिंडीत वाखरीला पोचल्यावर होते ते हेच.”

त्याच्याकडून आणि नंतर वाचून मला जे कळले ते तुमच्यापुढे ठेवावेसे वाटते. सान्तियागोची ती वाट मध्ययुगात गजबजलेली होती, मग शतकानुशतके ओस पडत गेली. १९८५ च्या सुमाराला वर्षभरात तिथे पोचल्याचे प्रमाणपत्र घेणारे यात्रेकरू तीन हजारसुद्धा नव्हते. २०२४ मध्ये ते जवळजवळ ५ लाख झाले. चाळीस वर्षांत हे कसे घडले? १९८७ मध्ये युरोप परिषदेने त्या वाटेला पहिला सांस्कृतिक मार्ग म्हणून मान दिला, १९९३ मध्ये युनेस्कोच्या यादीत ती गेली, हे खरेच. पण त्याच्याही आधी, डोंगरातल्या ओ सेब्रेइरो नावाच्या खेड्यात एलियास वालिन्या नावाचे एक पाद्री होते. वाटेचा अभ्यास करण्यात त्यांनी आयुष्य घालवले. १९८४ मध्ये रस्त्याच्या कामातून उरलेला पिवळा रंग गाडीत घालून ते निघाले आणि जिथे वाटसरू चुकेल तिथे झाडावर, दगडावर, भिंतीच्या कोपऱ्यावर बाण रंगवत गेले. आज जगभरातले लोक त्या पिवळ्या बाणामागून चालतात. त्या पाद्रींच्या हातात निविदा नव्हती, मोठा प्रकल्प नव्हता. एक डबा रंग होता.

आणि दुसरी गोष्ट, जी माझ्या दृष्टीने बाणापेक्षाही मोठी : मुक्काम. त्या वाटेवर गावोगावी यात्रेकरूंच्या धर्मशाळा आहेत, त्यांना ते ‘आल्बेर्गे’ म्हणतात. काही नगरपालिकांच्या, काही चर्चच्या, काही मठांच्या. भाचा सांगतो, एका मोठ्या खोलीत एकावर एक अशा खाटा, सामाईक न्हाणीघर, आठ-दहा युरो भाडे. काही ठिकाणी भाडेच नाही, दाराशी पेटी असते, जमेल ते टाकायचे. बहुतेक ठिकाणी आधी जागा राखता येत नाही. जो चालत आधी पोचेल त्याला खाट. एका ठिकाणी एकच रात्र. रात्री दहाला दिवे बंद, सकाळी आठपर्यंत जागा रिकामी. आणि या जागा सांभाळणारे अनेक जण पूर्वी स्वतः ती वाट चाललेले असतात. सुट्टी काढून, एक पैसा न घेता, पंधरा-पंधरा दिवस येऊन राहतात, लादी पुसतात, लोकांच्या पायांचे फोड बघतात. हे ऐकताना मला आमच्या अबोलीवाल्या बाईची आठवण झाली.

जपानमध्ये शिकोकू नावाचे बेट आहे. तिथे कोबो दाइशी या आठव्या-नवव्या शतकातल्या बौद्ध आचार्यांच्या नावाने ८८ देवळांची प्रदक्षिणा आहे, सुमारे १,२०० किलोमीटरची. बरेच जण आता बसने किंवा मोटारीने करतात, पण पायी करणाऱ्यांत देशोदेशींचे लोक असतात. यात्रेकरूच्या हातात काठी असते. ती काठी म्हणजे प्रत्यक्ष आचार्य, अशी समजूत. म्हणून मुक्कामाला पोचल्यावर आधी काठीचा पाय धुवायचा, मग आपले. विणा खाली न ठेवणाऱ्या आपल्या विणेकऱ्याला हे लगेच समजेल. वाटेवरचे गावकरी यात्रेकरूला हाक मारून फळ देतात, चहा देतात, कधी नाणी हातात ठेवतात. त्याला ‘ओसेत्ताई’ म्हणतात आणि ते नाकारणे बरे मानत नाहीत, कारण देणाऱ्याची सेवा आचार्यांपर्यंत पोचते. आणि तिथल्या काही देवळांत पायी येणाऱ्यांसाठी फुकट झोपण्याची एक साधी खोली असते. तिला ‘त्सुयादो’ म्हणतात. आत फारसे काही नसते. छप्पर आणि जमीन.

छप्पर आणि जमीन. आपल्याकडे दोन्ही आहेत, महाजन मंडळी.

इराकमध्ये नजफ ते करबला ही सुमारे ८० किलोमीटरची वाट दरवर्षी अरबईनला, म्हणजे इमाम हुसेन यांच्या हौतात्म्याच्या चाळिसाव्याला, लाखो माणसे चालतात आणि वाटेतले गरीब गरीब लोक तंबू टाकून त्यांना फुकट जेवू घालतात, पाय चेपून देतात. नॉर्वेत संत ओलाव्हच्या नावाची ट्रॉन्डहाइमला जाणारी जुनी वाट १९९७ मध्ये पुन्हा खुली झाली. दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर एक पत्रकार बाई सान्तियागोची वाट चालून आल्या आणि २००७ मध्ये त्यांनी आपल्या बेटाभोवती गावागावांतून जाणाऱ्या पायवाटा जोडायला सुरुवात केली. ती धार्मिक यात्रा नाही, तरी तिथे चालणारे लोक जवळजवळ यात्रेकरूसारखेच बोलतात.

हे सगळे एकाएकी कशाने वाढले, याची पुष्कळ कारणे सांगतात. मला तरी वाटते, माणसाला ताशी चार किलोमीटरच्या वेगाने जगायला मिळेनासे झाले आहे आणि शरीराला ते आठवते. दिवसभर चालल्यावर संध्याकाळी कोणी पाणी विचारले की त्या पाण्याची किंमत कळते. हे कळायला कुठलाही धर्म पुरतो. धर्म नसलेलाही पुरतो, असे माझा भाचा म्हणेल. मी त्याच्याशी वाद घालत नाही.

आपण मराठी माणसे तर या बाबतीत जगाला सांगावे अशा परंपरेत वाढलो. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात माउलींच्या पालखीला आजचे रूप दिले. दिंड्यांचा क्रम, मुक्काम, रिंगण, सगळे घालून दिले. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर, आणि लाखो माणसे इतकी वर्षे सुरळीत चालतात, याचे कारण एकच : वाटेवरच्या प्रत्येक गावाला आपला मुक्काम माहीत असतो. अलीकडे पालखी मार्गाचा मोठा महामार्ग होतो आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याच्या कामाचा कोनशिला समारंभ झाला, पायी चालणाऱ्यांसाठी कडेने वेगळी पट्टी ठेवायचे ठरले. पट्टी हवीच. पण त्या रुंदीकरणात जी जुनी झाडे गेली, त्यांच्या सावलीला डांबर हे उत्तर नव्हे. ते महाराष्ट्राचे झाले. आमची गोव्याची दिंडी चोर्ला चढून बेळगावकडे उतरते तेव्हा वाटेतल्या कर्नाटकातल्या शेतकऱ्यांच्या खळ्यात आम्ही झोपतो. त्यांना मराठी धड येत नाही, आम्हाला कानडी येत नाही. ‘विठ्ठल’ एवढ्या एका शब्दावर खळे झाडून मिळते, कंदील मिळतो, पहाटे चहा मिळतो. तिथे मिळते ते आपल्याच गोव्यात, आपल्याच कुलदेवाच्या अंगणात मिळू नये, याचे मला वाईट वाटते. फार वाईट वाटते.

आता गोव्याचेच बोलते, कारण या पत्रातला माझा खरा आग्रह इथे आहे.

जगात बहुतेक ठिकाणी माणसे देवाकडे चालत गेली. गोव्यात देव चालले. सोळाव्या शतकात, आधी १५४० च्या सुमाराला तिसवाडीत आणि मग १५६० नंतरच्या त्या वर्षांत बारदेश आणि साष्टीत देवळे पाडली जाऊ लागली. १५६७ मध्ये एकट्या साष्टीत शेकडो देवळे गेली. तेव्हा आपल्या पूर्वजांनी मूर्ती, लिंगे, कळस, काय हाती लागेल ते उचलले आणि खाडी ओलांडून पलीकडे नेले. अंत्रुज, म्हणजे आजचा फोंड्याचा भाग, तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ आणि कोलव्याची महालक्ष्मी बांदोड्याला, रायची कामाक्षी शिरोड्याला. मडगावचा दामोदर जांबावलीला गेला, आणि आजही शिगम्यात मठग्रामस्थ, म्हणजे मडगावकर, मंडळी आपल्या देवाकडे गुलालाला जातात. तुमच्यापैकी बहुतेकांच्या देवस्थानाचा इतिहास असा एका पायी प्रवासाने सुरू होतो. रात्री, पावसात, पोराबाळांसह, पाठीवर देव घेऊन. नदीपलीकडच्या ज्या गावकऱ्यांनी त्यांना त्या रात्री अंगणात घेतले, त्यांची नावे कुठल्या शिलालेखात नाहीत. पण त्यांनी ‘बुकिंग आहे का’ असे विचारले असते तर आज ही देवळे कुठे असती?

एका ठिकाणी ही आठवण अजून पायांत जिवंत आहे. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्याला गेली. पण दरवर्षी शिगम्यात ती मिरवणुकीने आपल्या मूळ गावी येते. बारा वांगडांच्या, म्हणजे गावकार कुळांच्या, बारा रंगीत छत्र्या, गुलाल, ढोल-ताशे. १५८३ मध्ये ज्या गावाने परकी सत्तेपुढे मान वाकवायला नकार दिला आणि त्याची किंमत आपल्या गावकारांच्या प्राणांनी दिली, त्या गावात देवी पायी परत येते. तो छत्रोत्सव मी एकदा उभी राहून पाहिला आणि एकदा सोबत चालले. दोन्हींत फार फरक आहे. चालताना शेजारच्या म्हाताऱ्या बाईने माझा हात धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. तिला माझे नाव माहीत नव्हते.

मग बाकीच्या देवांची वाट का ओस पडावी? वेर्ण्याला म्हाळसेच्या मूळ स्थानी आज पुन्हा देऊळ उभे आहे. तिथून निघून केळशी, मग कुठ्ठाळी, तिथून फेरीबोटीने झुआरी ओलांडून मडकई, नवदुर्गेचे दर्शन, पुढे कवळे. दुसऱ्या दिवशी रामनाथी, महालक्ष्मी, नागेशी, मग म्हार्दोळ आणि शेवटी मंगेशी. दोन दिवसांची वाट. नव्या पुलावरून मोटार काही मिनिटांत नदी ओलांडते आणि आतल्या माणसाला नदी होती हे कळतही नाही. फेरीबोटीत उभे राहिले की पाणी दिसते, पलीकडचा काठ हळूहळू जवळ येतो, आणि ज्यांनी इथून देव नेले त्यांना तो काठ कसा दिसला असेल हे मनात आल्याशिवाय राहत नाही. आम्ही पाच जणींनी ही वाट तीनदा चालली. प्रत्येक वेळी मध्यावर सगळ्या जणी गप्प झाल्या.

आमच्या डिचोलीच्या बाजूलाही अशीच एक छोटी वाट आहे, एका दिवसाची. जुन्या गोव्याहून फेरीने दिवाडी, तिथे सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान आणि कोटितीर्थाची तळी, मग बेटाच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा फेरी आणि पलीकडे आमचे नार्वे. कदंबांचा हा कुलदेव. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. दिवाडीत एकदा दुपारी ऊन असह्य झाले तेव्हा एका ख्रिस्ती घराच्या बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, आम्ही टेकलो. घरच्या आजीने पाणी दिले, कुठे चाललात विचारले. सांगितल्यावर म्हणाली, तीसुद्धा तरुणपणी दर वर्षी नोव्हेनात, म्हणजे फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनांना, पहाटे गोंयच्या सायबाकडे, सेंट फ्रान्सिस झेवियरकडे, चालत जायची. जुन्या गोव्याच्या फेस्ताला आजही सिंधुदुर्गातून, बेळगावकडून माणसे चालत येतात आणि वाटेतल्या गावांत त्यांना पाणी मिळते. बाणावलीला जन्मलेले संत जुझे वाज अनवाणी चालत दक्षिणेत उतरले आणि श्रीलंकेपर्यंत पोचले. पायी जाणे हे या भूमीत कोणा एकाच्या मालकीचे नाही.

तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. चाळीस वर्षे सरकारी शाळेत काढली, कुलपाची किल्ली कोणाकडे ठेवायची यावरून किती वेळ सभा चालते ते पाहिले आहे. तुम्ही विचाराल : कोण येईल ते कसे ओळखायचे? दारू पिऊन आला तर? चोरी झाली तर? परदेशी आला तर पोलिसांना कळवावे लागते, ते कोणी करायचे? प्रश्न खरे आहेत. त्यांची उत्तरे जगात लोकांनी शोधून ठेवली आहेत. चालणाऱ्याजवळ पुस्तिका हवी, तिच्यावर आदल्या देवळाचा शिक्का हवा. शिक्का नसेल तर खोली नाही. आधार कार्ड पाहून वहीत नाव लिहावे. एकच रात्र. दहाला दिवे बंद. परदेशी पाहुण्यांची भानगड नको असेल तर पहिली दोन वर्षे आपल्याच माणसांपुरते ठेवा. गर्भगृहाचे, सोवळ्याचे, पोशाखाचे तुमचे नियम जसेच्या तसे राहू द्या. अग्रशाळा महाद्वाराच्या आत असली तरी ती देवाची खोली नव्हे, देवाच्या पाहुण्याची खोली आहे.

आणि मी मागते ते थोडे आहे. प्रत्येक अग्रशाळेत तळमजल्यावरची एक खोली, लग्नसराईतसुद्धा भाड्याने न देता ठेवलेली. तिच्यात खाट नको, गादी नको. चटया आणि एक पंखा. बायकांसाठी आतून कडी लागेल असे दार आणि रात्री उघडे राहील असे न्हाणीघर, हे मात्र हवेच. यावर मी तडजोड करणार नाही, कारण पुरुष कुठेही पडू शकतो, बाई पडू शकत नाही. जिथे रोज महाप्रसाद होतो तिथे संध्याकाळची वाटीभर पेज. दाराशी एक पेटी. कचेरीत एक शिक्का, देवस्थानाच्या नावाचा, तो तर तुमच्याकडे आहेच. आणि वाट चुकते तिथे, पंचायतीला विचारून, चिऱ्याच्या गडग्यावर चुन्याने एक पाऊल. गौरीच्या सणाला आपण उंबऱ्यापासून आत पावले काढतो, तसे. ते आमच्यासारख्या बायका काढतील, त्याला कामगार लावू नका.

एक भीती मलाही आहे, ती लपवत नाही. सान्तियागो शहरातल्या लोकांना आता यात्रेकरूंची गर्दी नकोशी होऊ लागली आहे. घरांची भाडी चढली, जुन्या गल्लीत किराणा मिळेनासा झाला, असे तिथले रहिवासी बोलतात. किनाऱ्यावरच्या आपल्या गावांचे काय झाले ते तुम्ही रोज पाहता. उद्या ही देवांची वाट कोणा कंपनीच्या नजरेस पडली तर ती तिच्यावर रिसॉर्ट आणि पॅकेज बांधील, मग आमच्या फेरीबोटीत सेल्फीसाठी रांगा लागतील. मला वाटते, हे थांबवणे तुमच्याच हातात आहे. मुक्काम देवळाच्या हाती राहिला, मोजक्या चटयांचा राहिला, आगाऊ बुकिंगशिवायचा राहिला, तर वाट तेवढीच वाढेल जेवढी गावाला पेलवेल. तुम्ही दार उघडले नाही तर ते दुसरे कोणीतरी उघडील, आणि त्याच्या दाराला दर असेल.

सगळ्या देवस्थानांनी एकदम होकार द्यावा अशी माझी अपेक्षा नाही. वेर्णा ते मंगेशी या वाटेवरच्या दोन समित्यांनी जरी येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय घेतला तरी सुरुवात होईल. सभेला बोलावलेत तर मी येऊन बोलेन. भाच्याची शिक्क्यांची पुस्तिका घेऊन येईन. खोली झाडणे, वही ठेवणे यासाठी आळीपाळीने येऊन राहायला आमच्या मंडळातल्या बायका तयार आहेत. तसे मी त्यांना विचारूनच लिहिते आहे.

साखळीला वाळवंटी नदीत त्रिपुरारीच्या होड्या सोडून झाल्या की तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही वेर्ण्याहून निघणार आहोत. या वेळी पाच नाही, नऊ जणी आहोत. दोघी सत्तरीच्या पुढच्या, एक माझी माजी विद्यार्थिनी. दुपारची फेरी धरली तर संध्याकाळी सहाच्या सुमाराला कवळ्याला पोचू, आणि दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या आत मंगेशीला. चटया आमच्या आहेत.

आपली नम्र,
डिचोली तालुक्यातली एक वारकरीण